सिस्टर म्हणाल्या "तू दे", मी दिलं. आता चूक कोणाची धरायची?

चिपळूणची मुलगी (जीएनएम, दुसरं वर्ष)

नमस्कार. मी मुंबईत नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, म्हणजे जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर चिपळूणजवळ, इथे कळव्याला मावशीकडे राहते. कॉलेजचं आणि रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण अजून दीड वर्ष तिथेच काढायचंय. लिहिणं लांबेल, पण आठ दिवस झाले, ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

सध्या आमची पोस्टिंग फिमेल मेडिसिनला आहे. चाळीस खाटा, आणि पावसाळा असल्यामुळे खाली गाद्यांवर आणखी बारा-चौदा जणी. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, त्यात नेहमीच्या शुगर-बीपीवाल्या. मॉर्निंगला इन्चार्ज सिस्टर धरून तीन सिस्टर आणि दोन मावशी (वॉर्डातल्या आया). आम्ही सहा मुली. आमच्या कॉलेजच्या मॅडमकडे असे चार वॉर्ड आहेत. त्या साडेनऊच्या सुमारास येतात, हजेरी घेतात, एखादीचा केअर प्लॅन बघतात आणि पुढच्या वॉर्डात जातात.

आम्ही काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलंच नाही. ओव्हर (ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरना देणं) संपला की समोर दिसेल त्या मुलीला हाक. बेडमेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), स्पंज, बॅक केअर ही कामं आमचीच आहेत आणि मला ती मनापासून आवडतात. पण सोमवारी मी चार वेळा लॅबमध्ये, दोनदा ब्लड बँकेत आणि एकदा एक्स-रेला गेले. उरलेल्या वेळात गॉज कापले. मला दिलेल्या पेशंटजवळ जेमतेम वीस मिनिटं उभी राहिले, आणि तिच्यावरच शुक्रवारी केस स्टडी द्यायची होती. त्याच दिवशी कॅथेटर घालताना बघायला पुढे झाले तर "तू स्टुडंट आहेस, मध्ये येऊ नको". आणि तासाभराने गर्दी झाली तेव्हा "उभी काय राहिलीस, लाव ते सलाईन". एकाच शिफ्टमध्ये मी स्टुडंटही असते आणि सिस्टरही असते. कधी काय आहे ते मला सोडून सगळ्यांना माहीत असतं.

आता बुधवारचं सांगते. सात नंबरला एक आजी होत्या, युरिन इन्फेक्शन आणि वाढलेली शुगर. नाश्त्याआधी प्लेन इन्सुलिन १२ युनिट. साडेसातच्या सुमारास अकरा नंबरला झटके आले. सिस्टर तिकडे धावल्या, आणि जाता जाता एक जण मला म्हणाल्या, "सातला इन्सुलिन दे गं, नाश्ता आलाय." मी म्हटलं, "सिस्टर, मी अजून एकटीने दिलेलं नाही." त्या म्हणाल्या, "कॉलेजच्या लॅबमध्ये शिकवलंय ना? दे."

शिकवलं होतं हे खरं आहे. फ्रीजमधून वायल (इन्सुलिनची बाटली) काढली, नाव वाचलं, तारीख बघितली. आजींना त्यांचं पूर्ण नाव विचारलं, हातावरची पट्टी बघितली, केसपेपरवरचा डोस दोनदा वाचला. वॉर्डातल्या सिरिंज आदल्या रात्री संपल्या होत्या, म्हणून आजींच्या मुलाने बाहेरच्या मेडिकलमधून पाकीट आणून लॉकरवर ठेवलं होतं. त्यातली एक फोडली, १२ च्या रेघेपर्यंत औषध ओढलं आणि दिलं. नंतर कधीतरी सिस्टरनी चार्टवर त्या डोसपुढे स्वतःची सही केली.

बारा वाजता शुगर ३४८ आली. हाऊसमननी (वॉर्डातल्या ज्युनियर डॉक्टरांनी) डोस १२ वरून १६ करायला सांगितला. मी तेव्हा आजींचा लॉकर आवरत होते. पाकीट हातात आलं, आणि लक्ष गेलं की या सिरिंजचं टोपण केशरी आहे. वॉर्डातल्यांचं लाल असतं. पोटात एकदम खड्डा पडला. वायल ४० ची होती आणि सिरिंज १०० ची. मी १२ युनिट दिलेच नव्हते, पाचाच्याही आत दिले होते.

मी लगेच सिस्टरना सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न: "तुला द्यायला सांगितलं कोणी?"

इन्चार्ज सिस्टरनी हाऊसमनना गाठलं, डोस वाढवणं थांबलं, आजींना काही झालं नाही. पण दुपारी मॅडमनी माझ्याकडून माफीपत्र लिहून घेतलं. त्यात एक वाक्य आहे: "मी कोणाचीही परवानगी न घेता इन्सुलिन दिले." ते मला सांगितलं गेलं आणि मी लिहिलं. खाली माझी सही आहे. चुकीच्या सिरिंजबद्दल मी स्वतःला माफ करू शकेन असं वाटतं, ती माझ्या हातून झाली आणि मी कबूल केली. पण ते वाक्य खोटं आहे आणि माझ्याच अक्षरात आहे.

मला इथल्या अनुभवी ताईंना विचारायचंय, की विद्यार्थिनीची जबाबदारी नक्की कुठे सुरू होते आणि कुठे संपते? सिस्टर "दे" म्हणाल्या तर "नाही" कसं म्हणायचं? शेवटी आमची लॉगबुकं त्यांच्याच सहीने भरतात. आणि त्या पत्राचं आता काय करू?

निवृत्त परिसेविका, परळ

बाळा, आधी एक सांगते. दुपारी बाराला तू तोंड उघडलंस, ही त्या दिवशीची सगळ्यात मोठी नर्सिंग होती. ते पत्र वाचून तुझा यावरचा विश्वास जाऊ देऊ नकोस.

इतर मुली हे वाचतील म्हणून जरा उलगडून लिहिते. आपल्याकडच्या बऱ्याच वायल एका मिलीला ४० युनिटच्या असतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. १०० च्या वायलला केशरी टोपणाची. केशरी सिरिंजवर १२ ची रेघ म्हणजे ०.१२ मिली. ४० च्या वायलमधून तेवढं ओढलं तर हातात ४.८ युनिट येतात. आता पुढचं बघा. डॉक्टरांना वाटलं १२ देऊनही शुगर उतरली नाही, म्हणून त्यांनी १६ केले. पुढच्या वेळी एखाद्या सिस्टरने स्टोअरची लाल टोपणाची सिरिंज घेतली असती तर आजींना खरोखरचे १६ गेले असते, म्हणजे सकाळच्या तिपटीहून जास्त. रात्रीच्या वेळी म्हाताऱ्या बाईची शुगर ५० वर आली असती आणि कोणाला कळलंही नसतं, झोपली आहे असंच वाटलं असतं. उलटी चूक तर त्याहून वाईट. १०० ची वायल आणि लाल सिरिंज, की डोस थेट अडीच पट. म्हणून वायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशेजारी धरून मोठ्याने वाचायचे. टोपणाच्या रंगावरसुद्धा विसंबायचं नाही, कारण टोपण गळून पडतं, आकडा नळीवर छापलेला असतो.

आणि इन्सुलिन दोघींनी तपासायचं असतं. तू दोनदा वाचलंस, पण दोन्ही वेळा तूच वाचलंस. दुसरी जोडी डोळ्यांची हवी होती आणि ती तुला कोणी दिली नाही. ही चूक तुझ्या एकटीची नाही असं मी म्हणते ते तुझी समजूत घालायला नाही, ती तशीच आहे म्हणून.

मी ३४ वर्षं सरकारी वॉर्डात काढली, त्यातली १३ इन्चार्ज म्हणून. "दे गं तू" हे वाक्य मीही म्हटलेलं आहे. अनेकदा. पन्नास पेशंट, दोन सिस्टर, त्यातली एक रजेवर, तेव्हा समोर उभी असलेली पांढऱ्या कपड्यातली मुलगी ही आपल्याला देवाने पाठवलेली वाटते. एकदा एका पहिल्या वर्षाच्या मुलीला मी रायल्स ट्यूबने (नाकातून पोटात घातलेल्या नळीने) फीड द्यायला सांगितलं आणि ट्यूब जागेवर आहे का ते तपासायला तिला येतं का, हे विचारलंच नाही. पेशंटला ठसका लागला, मुलगी घाबरून थांबली, म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तीन रकाने आखून नर्सिंग स्टेशनमागे लावले. एकटीने करा. माझ्यासमोर करा. फक्त बघा.

पहिल्यात टीपीआर, बेडमेकिंग, स्पंज, बॅक केअर, तोंडाने भरवणं, लघवी मोजून लिहिणं. दुसऱ्यात सगळी इंजेक्शनं, सलाईन बदलणं, ड्रेसिंग, ट्यूब फीड. तिसऱ्यात रक्त चढवायला सुरुवात करणं, पोटॅशियम, हेपरिन. खाली प्रत्येक बॅचच्या मुलींची नावं, आणि एखादीने माझ्यासमोर एखादं काम नीट तीनदा केलं की मी ते तिच्यापुरतं पुढे सरकवायचे. इंजेक्शन मात्र कोणाचंच सरकवलं नाही. मेट्रनबाईंनी एकदा विचारलं हे कशाला भिंतीवर, मी म्हटलं, माझ्यासाठी आहे, गर्दीत मला आठवण राहावी म्हणून. खरंही तेच होतं. मुलींपेक्षा माझ्या स्टाफ सिस्टरनाच तो कागद जास्त उपयोगी पडला.

लॅबच्या चकरांबद्दल थोडं वेगळं मत आहे. दिवसातून एक चक्कर मारावी. रक्ताचा नमुना कुठल्या रंगाच्या बल्बमध्ये (नळीत) जातो, फॉर्मवर काय राहिलं की लॅबवाले परत पाठवतात, हे तिथे उभं राहूनच कळतं. चार चकरा म्हणजे मात्र तुमच्याकडून वॉर्डबॉय मामांची रिकामी जागा भरून घेणं आहे.

पत्राचं. आजच बस, आणि बुधवारी काय झालं ते वेळेसकट लिहून काढ. कोणावर आरोप नाही, विशेषणं नाहीत. साडेसात, झटके, सिस्टरनी काय सांगितलं, तू काय उत्तर दिलंस, कुठली वायल, कुठली सिरिंज, बाराची शुगर, तू कोणाला कधी सांगितलंस. तारीख टाक, सही कर, प्राचार्यांना दे, पोच घे. माफीपत्र परत मागू नको. त्याच्या शेजारी खरं पत्र राहू दे.

पाठ्यनिर्देशिका, नवी मुंबई

मी खासगी नर्सिंग स्कूलमध्ये शिकवते, त्यामुळे ज्या मॅडमवर तू नाराज आहेस त्यांच्याच जागेवरून लिहिते आहे. परिसेविका ताईंचा तो कागद मी उद्याच आमच्या वर्गात लावणार आहे. एका मुद्द्यावर मात्र मला वेगळं वाटतं, त्यावर शेवटी येते.

नियमाचं आधी. तू पास होऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेत तुझी नोंद होईपर्यंत तू नोंदणीकृत परिचारिका नाहीस. राज्यात ही नोंदणी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने चालते. याचा वॉर्डातला अर्थ असा, की तू जे करतेस ते कोणाच्या तरी देखरेखीखाली करतेस, आणि देखरेख म्हणजे ती व्यक्ती शेजारी हवी, अकरा नंबरच्या खाटेजवळ नाही. यातून तुझी जबाबदारी शून्य होते असं नाही. आपल्याला काय येत नाही ते सांगणं, येत असलेलं नीट करणं आणि चुकलं तर लगेच बोलणं, हे तुझं. तू तिन्ही केलंस. पण तुला योग्य काम देणं आणि ते होताना बघणं, हे काम देणाऱ्या सिस्टरचं आणि आमचं, म्हणजे शिक्षिकांचं.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि क्लिनिकलमध्ये एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असं प्रमाण धरलेलं आहे. कागदावर आमच्याकडेही ते जुळतं. प्रत्यक्षात दोन जागा रिकाम्या असतात, एक जण परीक्षेच्या कामाला जाते, आणि एका सकाळी माझ्याकडे २६ मुली पाच मजल्यांवर विखुरलेल्या असतात. लिफ्ट बंद असली तर मी मुलींपेक्षा जिन्यातच जास्त वेळ असते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. ज्या दिवशी माझ्या मुलीच्या हातून अशी चूक होईल त्या दिवशी मी कुठे होते, याचं उत्तर मलाच द्यावं लागणार आहे, आणि "जिन्यात" हे उत्तर चालणार नाही.

प्रत्येक पोस्टिंगला क्लिनिकल ऑब्जेक्टिव्हजचा कागद असतो: या आठवड्यात या वॉर्डात मुलींनी काय शिकायचं. बहुतेक ठिकाणी तो तुमच्या फाइलमध्ये राहतो आणि वॉर्डापर्यंत पोचत नाही. तुमच्या मॅडमना तो मागा. इन्चार्ज सिस्टरना पहिल्याच दिवशी ओव्हरनंतर तो दाखवा आणि म्हणा, "सिस्टर, आम्हाला या आठवड्यात हे शिकायचंय, यातलं काय तुमच्यासमोर करू?" सहा जणी मिळून जा. एकटी गेलीस तर ती तक्रार वाटते, सहा जणी गेल्या तर विनंती वाटते. अजून एक. जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाचे शेवटचे सहा महिने इंटर्नशिप असते, तिथे तुम्हाला जास्त मोकळीक मिळते. वॉर्डातल्या सिस्टरना बऱ्याचदा इंटर्न आणि दुसऱ्या वर्षाची मुलगी यांतला फरक कळत नाही, कारण कपडे तेच. ओळखपत्रावर वर्ष मोठ्या अक्षरात लिहा.

सहीबद्दल: जिने दिलं तिने स्वतःचं नाव आणि "विद्यार्थिनी" असं लिहायचं, आणि जिने समोर उभं राहून बघितलं तिने त्यावर सही करायची. न बघता केलेली सही ही त्या सिस्टरनाही धोक्याची आहे. उद्या चौकशी झाली तर कागदावर त्यांनीच इन्सुलिन दिलेलं आहे.

आता मतभेदाचा मुद्दा. पत्र थेट प्राचार्यांना देऊ नकोस. आधी त्याच मॅडमना भेट आणि सांग की त्या पत्रातलं एक वाक्य खरं नाही, मला खरं लिहून द्यायचंय. त्यांना एक संधी दे. घाबरलेल्या शिक्षिकेने काढून घेतलेलं पत्र आहे ते, मला इथून दिसतंय. त्यांनी नाही म्हटलं तर मग प्राचार्यांकडे जा, आणि तेव्हा मागे वळून बघू नको.

स्टाफ नर्स, ठाणे (पास होऊन दोन वर्षं)

तुझं वाचून मला माझं दुसरं वर्ष आठवलं. नियम वगैरे वरच्या मॅडमनी छान सांगितलेत. मी फक्त तोंडाने काय बोलायचं ते सांगते, कारण माझी गाडी तिथेच अडायची.

"नाही" हा शब्द वापरूच नको. गर्दीत सिस्टरच्या कानाला तो उद्धटपणा वाटतो. "सिस्टर, मी भरून आणते, तुम्ही एकदा बघा आणि मग देते." यात तू काम टाळत नाहीस, त्यांचा वेळही वाचवतेस, आणि सिरिंज त्यांच्या डोळ्यांखालून जाते. तुझ्या बाबतीत तेवढ्याने केशरी टोपण दिसलं असतं. त्या अकरा नंबरकडेच अडकल्या असतील तर ट्रे घेऊन अकरा नंबरपाशी जा. लाज वाटते, पण जा. तिथेही त्या म्हणाल्या "आत्ता नाही", तर नाश्ता दहा मिनिटं थांबव आणि आजींना सांग की इंजेक्शन झालं की खायचं. दहा मिनिटांनी इडली गार होते, बाकी काही बिघडत नाही.

दुसरं म्हणजे सुई. हे कोणी विचारलं नाही पण याच गोंधळातून होतं म्हणून लिहिते. मला दुसऱ्या वर्षाला वापरलेली सुई टोचली, कारण दुसऱ्याच कोणीतरी लावलेलं सलाईन काढून ट्रेमध्ये सोडलेली सुई उचलायला मला सांगितलं. मी संध्याकाळपर्यंत कोणाला बोलले नाही. वाटलं ओरडतील. हे अजिबात करू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, आणि लगेच कॅज्युअल्टीत जायचं. एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची गोळी दोन तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर तिचा उपयोग नाही, आणि ती २८ दिवस पूर्ण घ्यावी लागते. मी सात तासांनी सुरू केली. ते २८ दिवस रोज मळमळायचं आणि तशीच मी ड्यूटीला जायचे. हेपटायटिस बीचे तीन डोस तुमचे झालेत का, ते आजच बघा. आमच्या बॅचच्या पाच जणींचा तिसरा राहिला होता.

आज मी स्वतः स्टाफ आहे आणि माझ्याकडे विद्यार्थिनी येतात. ज्या वॉर्डात तुला "तुला कोणी सांगितलं" असं ऐकावं लागलं, तिथली ती सिस्टरही कदाचित बाराव्या तासाला उभी असेल. ते समजून घे. पण ती जे बोलली ते बरोबर होतं असं मानू नको.

पेशंटचा मुलगा, घाटकोपर

मी नर्सिंगमधला नाही. आई मागच्या वर्षी ११ दिवस सरकारी रुग्णालयात होती. आम्हा नातेवाइकांना सगळ्याच सिस्टर वाटतात, शिकणारी कोण आणि पगारी कोण हे कळत नाही. मी एका लहानशा मुलीवर ओरडलो होतो, की इतका वेळ रिपोर्ट का आणला नाही. ती काही बोलली नाही, जाऊन आणला. नंतर कळलं ती पहिल्या वर्षाला होती आणि रिपोर्ट आणणं तिचं कामच नव्हतं. त्याच मुलीने आईची वेणी घातली होती, कोणी न सांगता. तिला शोधून सॉरी म्हणायला गेलो तोवर त्यांची पोस्टिंग बदलली होती.

बाहेरच्या मेडिकलमधून सिरिंज आणताना मीही कधी आकडा बघितला नाही. चिठ्ठीवर फक्त "इन्सुलिन सिरिंज ५" असं असायचं. तिथे ४० की १०० हे लिहून दिलं तर आमच्यासारखा माणूस बरोबर आणेल. हे कोणाला सांगायचं असतं?

चिपळूणची मुलगी

सगळ्यांचे आभार. घाटकोपरच्या दादा, तुमचं चिठ्ठीचं आमच्या इन्चार्ज सिस्टरना सांगितलं, पुढे वाचा.

शनिवारी रात्री बसून सगळं लिहून काढलं. दोन पानं झाली, मग विशेषणं काढली तेव्हा एक झालं. सोमवारी आधी मॅडमकडे गेले. पाय कापत होते. मी म्हटलं, मॅडम, त्या पत्रातलं एक वाक्य खरं नाही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "सिस्टरनी खरंच सांगितलं होतं?" मी हो म्हटलं. मला तोपर्यंत कळलंच नव्हतं, की त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्यापर्यंत फक्त "तुमच्या मुलीने न विचारता इन्सुलिन दिलं" एवढंच पोचलं होतं. त्यांनी माझं पान घेतलं, जुन्या पत्राला टाचणीने जोडलं आणि दोन्हींवर तारीख टाकून सही केली. माफीपत्र फाइलमध्येच राहणार, ते काढता येत नाही म्हणाल्या. मला वाईट वाटलं, पण आता ते एकटं नाही.

मग आम्ही सहा जणी ऑब्जेक्टिव्हजचा कागद घेऊन इन्चार्ज सिस्टरकडे गेलो. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "हा कागद मला कधी कोणी दाखवला नाही." भिंतीवर लावायला त्या तयार नाहीत, राऊंडला डॉक्टर बघतात म्हणाल्या. पण ओव्हरच्या वहीत शेवटच्या पानावर आमची सहा नावं लिहून तीन रकाने त्यांनी स्वतः आखले. इंजेक्शनं मधल्या रकान्यात आहेत. लॅबच्या चकरांना रकाना नाही, त्या अजून चालूच आहेत, काल तीन झाल्या.

बाहेरून आणायच्या चिठ्ठीवर आता "४० युनिटची, लाल टोपण" असं लिहायचं ठरलंय. त्याचा नमुना इन्चार्ज सिस्टरनी माझ्याकडूनच लिहून घेतला.

ज्या सिस्टरनी मला "दे" म्हटलं होतं त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. काल सकाळी सात नंबरला नवीन पेशंट होती, तिलाही इन्सुलिन होतं. मी भरलं, ट्रे घेऊन त्यांच्याजवळ गेले. त्यांनी वायल हातात घेतली, आकडा वाचला, मग सिरिंज घेतली, आकडा वाचला, आणि माझ्याबरोबर खाटेपर्यंत आल्या. चार्टवर मी माझं नाव लिहिलं, त्यांनी खाली सही केली. बोलल्या काहीच नाहीत.

आजींना शुक्रवारीच डिस्चार्ज मिळाला. त्यांच्या मुलाला मी उरलेलं केशरी टोपणाचं पाकीट परत दिलं आणि सांगितलं, घरच्या वायलवर आधी आकडा बघा. वायलही मेडिकलमधूनच घेणार होते ते. मी त्यांच्याबरोबर गेटबाहेरच्या दुकानापर्यंत गेले आणि तिथे उभं राहून दोन्ही जुळवून दिलं.